नियम आणि अपवाद : शहरातील मोटारींवरील निर्बंधांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडून मी याच वास्तूत इतिहास शिकलो. सर सायकलवरून शाळेत येत. सायकल भिंतीला टेकवून, पायाची क्लिप काढून ते वर्गात शिरत, फळ्यावर सन लिहीत आणि बोलायला लागत. त्यांनी शिकवलेल्या पुष्कळ सनावळ्या आज मी विसरलो आहे. पण त्यांनी लावलेली एक सवय मात्र सुटली नाही. कोणताही कायदा, फर्मान वा हुकूम वाचायचा असेल तर त्यातील अपवाद आधी वाचावेत, असे ते सांगत. राज्यकर्त्याला काय साधायचे आहे ते हुकुमातून कळते. पण कोणाला दुखवण्याची त्याची तयारी नाही, ते अपवादांतून कळते, हा त्यांचा सिद्धान्त होता.

शहराची हवा आणि मोटारींवरील निर्बंध हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले. इंदुरातील मराठी शाळेच्या व्यासपीठावर होळकरशाही, संतवाङ्मय किंवा रंगभूमी हे विषय अधिक शोभतात, हे मलाही मान्य आहे. परंतु या निवडीमागे एक घरगुती कारण आहे. माझी नात याच शाळेत शिकते. तिला दम्याचा त्रास आहे. थंडीच्या दिवसांत रात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला की घरात कोणाचाही डोळा लागत नाही. डॉक्टरांनी तिला धुरापासून जपायला सांगितले, म्हणून तिची रिक्षा बंद करून मी तिला माझ्या मोटारीने आणू-नेऊ लागलो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर काचा वर करून, इंजिन चालू ठेवून मी तिची वाट पाहत असे. माझ्या पुढेमागे अशाच गाड्यांची रांग असे. एके दिवशी माझ्या ध्यानात आले की, एका मुलीला धुरापासून वाचवण्यासाठी आणलेली ही गाडी, फाटकातून बाहेर पडणाऱ्या शेकडो मुलांच्या तोंडावर धूर सोडते आहे. आणि माझी नातही त्या धुरातूनच चालत गाडीपर्यंत येते.

त्या दिवसापासून एका प्रश्नाने माझा पाठपुरावा केला. जगातील शहरांनी खाजगी मोटार आवरण्याचे कोणकोणते प्रयत्न केले, त्यांतले कोणते टिकले, कोणते फसले आणि का? या प्रश्नाचा मी सरांच्या पद्धतीने शोध घेतला. त्याचे फलित आज आपणांपुढे ठेवतो.

१. रोममधील गाड्या

शहरात चाके फिरू न देण्याचा विचार मोटारीच्या जन्मापेक्षा फार जुना आहे. १७३२ साली दक्षिण इटलीत, प्राचीन हेराक्लिया नगराजवळ काशाचे काही पत्रे सापडले. त्यांवर कोरलेल्या रोमन कायद्यांचा संबंध विद्वानांनी ज्यूलियस सीझरशी जोडला असून त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व ४५ च्या सुमाराचा मानला जातो. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, रोमच्या वस्तीत मालगाडी हाकू नये, असा त्यात नियम आहे. अरुंद रस्ते आणि दाट लोकवस्ती हेच त्याचे कारण.

आता सरांच्या शिकवणीप्रमाणे अपवाद पाहू. देवालयांच्या बांधकामाचे सामान आणणाऱ्या गाड्या, सरकारी कामातील मातीदगड बाहेर नेणाऱ्या गाड्या, ठरावीक धार्मिक दिवशी व्हेस्टा देवीच्या व्रतस्थ कन्यांच्या आणि पुरोहितांच्या गाड्या, विजयी सेनापतीच्या मिरवणुकीतील गाड्या, आणि रात्री आत येऊन सकाळी रिकाम्या किंवा घाण भरून परतणाऱ्या गाड्या. या यादीत धर्म आहे, राज्यसत्ता आहे आणि शहराची निकडही आहे. घाण वाहणारी गाडी अडवली तर शहर जगणार नाही, हे त्या कायदेकर्त्याला ठाऊक होते.

या नियमाने दिवसाची गर्दी हटली. ती नाहीशी मात्र झाली नाही. सुमारे दीडशे वर्षांनंतर कवी ज्यूवेनाल याने रात्री वळणावळणाच्या गल्ल्यांतून जाणाऱ्या गाड्यांच्या गोंगाटाने रोममध्ये झोप लागत नाही, अशी तक्रार आपल्या काव्यात केली. दिवसाचा उपद्रव रात्रीवर ढकलला गेला होता. निर्बंध घातला म्हणजे माणसाची गरज संपत नाही. ती दुसरी वाट शोधते. पुढील दोन हजार वर्षांच्या इतिहासात हा अनुभव पुनःपुन्हा येतो.

२. गर्दीचा प्रश्न धुराचा कसा झाला

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातील धूर म्हटला की कोळशाचा धूर आठवे. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, लंडनवर जो काळा धुक्याचा थर बसला, तो प्रामुख्याने घरोघरच्या शेगड्या आणि कारखाने यांच्या कोळशाचा होता. त्या वेळी मृतांचा आकडा सुमारे ४,००० मानला गेला; पुढील संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि कोळशाचा धूर हळूहळू मागे हटला.

मोटारीचा धूर मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून तो ओळखायला वेळ लागला. अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारे पिवळट धुके पडे. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास दाखवून दिले की, मोटारींतून व तेलशुद्धीकरणातून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यांतून ओझोन तयार होतो. ज्या सूर्यप्रकाशाला आपण आरोग्यदायी मानतो, तोच या विषाचा कारागीर ठरला.

ग्रीसची राजधानी अथेन्स ही याची ठळक बळी. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसलेल्या या शहरावर १९७० नंतर धुराचा ढग ठाण मांडू लागला. त्या दूषित हवेने ॲक्रोपोलिसवरील संगमरवर झिजू लागला. एरेख्थिऑन मंदिराचा भार डोक्यावर पेलणाऱ्या स्त्रीमूर्ती १९७९ मध्ये तेथून हलवून संग्रहालयात ठेवाव्या लागल्या. आज मंदिरात दिसतात त्या त्यांच्या प्रतिकृती. दगडाला संग्रहालयात नेता आले, माणसांना कोठे न्यावे? १९८२ मध्ये अथेन्सने शहराच्या मध्यभागी एक वर्तुळ आखले आणि त्या वर्तुळात एक दिवस सम क्रमांकाच्या, तर दुसऱ्या दिवशी विषम क्रमांकाच्या खाजगी गाड्यांना प्रवेश ठेवला. सम-विषम म्हणून आपल्याकडे पुढे जी योजना गाजली, तिचे हे एक जुने रूप.

३. मेक्सिको : दुसरी गाडी

या पद्धतीचा सर्वांत बोधप्रद प्रयोग मेक्सिको शहरात झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, पर्वतांच्या कड्यात वसलेले हे महानगर. उंचीवर प्राणवायू विरळ असल्याने इंधन पुरते जळत नाही आणि हिवाळ्यात थंड हवेचा थर धूर खाली दाबून धरतो. २० नोव्हेंबर १९८९ पासून तेथे ‘आज गाडी बंद’ अशा अर्थाच्या नावाची योजना सुरू झाली. नंबरपाटीच्या शेवटच्या अंकाप्रमाणे प्रत्येक गाडी आठवड्यातून एक कामाचा दिवस घरी ठेवायची. योजना एका हिवाळ्यापुरतीच होती. पण पुढे ती कायम करण्यात आली.

हिशेब सरळ दिसत होता. रोज पाचांतली एक गाडी घरी, म्हणजे धूर पंचमांशाने कमी. लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा योजनेमुळे हवा सुधारल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. भुयारी रेल्वेचे आणि बसचे प्रवासीही वाढलेले दिसले नाहीत. मग लोक बंदीच्या दिवशी कसे जात होते? गाड्यांची एकूण संख्या वाढली होती आणि त्यांत जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या गाड्यांचा भरणा होता. ज्यांना परवडले त्यांनी वेगळ्या अंकाची दुसरी गाडी घेतली. आणि एकदा दारात दुसरी गाडी उभी राहिली की, ती केवळ बंदीच्या दिवशीच निघते असे थोडेच आहे!

येथे मेक्सिकोच्या नागरिकांना बेइमान म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्यांनी कायदा मोडला नव्हता. ज्याला कामावर वेळेत पोहोचायचे होते आणि ज्याला बसचा भरवसा नव्हता, त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. नातीसाठी गाडी काढणाऱ्या मी तरी वेगळे काय केले होते? सार्वजनिक रोगावर प्रत्येकाने खाजगी औषध घेतले आणि त्या औषधानेच रोग बळावला.

अर्थात, क्रमांकाचा नियम सर्वथा निरुपयोगी असेही नाही. पॅरिसने १ ऑक्टोबर १९९७ रोजी आणि पुन्हा १७ मार्च २०१४ रोजी, हवा अतिशय बिघडली असता, सम-विषम नियम एकेका दिवसापुरता लावला आणि २०१४ मध्ये त्या काळात सार्वजनिक वाहने मोफत ठेवली. एका दिवसासाठी कोणी दुसरी गाडी विकत घेत नाही. तेव्हा हे संकटकाळचे औषध आहे. रोजच्या आहारात ते चालत नाही.

४. सिंगापूर, लंडन, स्टॉकहोम

ज्या शहरांत निर्बंध टिकले, त्यांनी गाडीचा क्रमांक पाहण्याऐवजी गाडीच्या रस्त्यावर येण्याचे मोल मागितले. आद्य उदाहरण सिंगापूरचे. २ जून १९७५ पासून शहराच्या मध्यभागाभोवती कमानी उभारून, सकाळच्या गर्दीच्या वेळी आत येणाऱ्या मोटारीला ३ डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावणे सक्तीचे झाले. हेतू प्रामुख्याने गर्दी हटवण्याचा होता. परवान्याच्या वेळेत आत येणाऱ्या मोटारी निम्म्याहून कमी झाल्या. मात्र साडेनऊला वेळ संपताच गाड्यांचा लोंढा आत घुसू लागला, तेव्हा दोनच महिन्यांत ती वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. रोमची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

अपवाद येथेही होते. ज्या मोटारीत चार किंवा अधिक माणसे असतील तिला परवाना माफ होता. अपवाद स्तुत्य, पण चालक बसथांब्यावरच्या माणसांना गाडीत घेऊन चारांची भरती करू लागले. १९८९ मध्ये ही सवलत रद्द झाली. नियम करून स्वस्थ न बसता त्यातील भोके पाहणे आणि ती बुजवणे, हा त्या राज्यकारभाराचा गुण घेण्याजोगा आहे. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की, परवाना सुरू होण्यापूर्वीच, १९७३ मध्ये, विस्कळीत बस कंपन्या एकत्र आणून तेथे बससेवेची घडी बसवायला आरंभ झाला होता.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवस्तीत येणाऱ्या मोटारींवर ५ पौंडांचे शुल्क बसवले. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या, आणि शुल्काचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यात होते. पहिल्या वर्षी त्या भागात येणारी चारचाकी वाहतूक सुमारे १८ टक्क्यांनी घटली. धुरासाठीचे आजचे शुल्क मात्र २०१९ च्या एप्रिलमध्ये आले. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांवरचे हे शुल्क प्रथम मध्यवस्तीत लागू झाले, आणि विरोध, आंदोलने, कोर्टकज्जे यांतून वाट काढीत ते २९ ऑगस्ट २०२३ रोजी सगळ्या लंडनभर पसरले.

या दोन शुल्कांच्या मधल्या काळात तेथे एक मूल गेले. दक्षिण लंडनमध्ये वर्दळीच्या हमरस्त्याजवळ राहणारी एला अदू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने २०१३ च्या फेब्रुवारीत मरण पावली. तिच्या आईने हार मानली नाही. पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द करवून घेऊन तिने दुसरी चौकशी घडवून आणली आणि १६ डिसेंबर २०२० रोजी चौकशी अधिकाऱ्याने निर्णय दिला की, दूषित हवा तिच्या मृत्यूला हातभार लावणारे एक कारण होते. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अशी नोंद प्रथमच झाली. आकडेवारीत हरवलेल्या हजारो मृत्यूंना त्या दिवशी एक नाव आणि एक वय मिळाले. हा निकाल मी वाचला तेव्हा माझी नात शेजारच्या खोलीत झोपली होती.

स्टॉकहोमचा प्रयोग या तिघांत मला सर्वांत उपकारक वाटतो, कारण तेथे लोकांना आधी अनुभव आणि मग मत देण्याची संधी मिळाली. प्रारंभी शुल्काला बहुसंख्य नागरिकांचा विरोध होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे २०० नव्या बसगाड्या सुरू करण्यात आल्या; शुल्क त्यानंतर, ३ जानेवारी २००६ रोजी, सात महिन्यांच्या परीक्षेसाठी आले. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली. जुलैअखेर शुल्क थांबवले गेले आणि सप्टेंबरात सार्वमत घेतले, तेव्हा शहराने थोड्या बहुमताने ते पत्करले. १ ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या. त्यांना शहराच्या हवेतील प्रदूषण ५ ते १५ टक्क्यांनी घटल्याचे आणि लहान मुलांमधील दम्याच्या तीव्र झटक्यांचे प्रमाण उतरल्याचे आढळले. हवा सुधारली ती लगेच. मुलांच्या छातीतील फरक पुरता दिसायला मात्र काळ जावा लागला. ज्यांना पहिल्याच महिन्यात फळ हवे असते, त्यांनी हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

५. दिल्लीतील पंधरवडे

आता आपल्या देशाकडे येऊ. दिल्लीच्या हवेची लढाई न्यायालयात लढली गेली. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालवण्याचा आदेश दिला. मुदती उलटल्या, रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. पण २००२ अखेर ते स्थित्यंतर पुरे झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेट्रोचा पहिला टप्पा धावू लागला.

तरीही खाजगी वाहने वाढतच राहिली. १ ते १५ जानेवारी २०१६ या पंधरवड्यात दिल्ली सरकारने सम-विषम योजना लागू केली. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, रविवार मोकळा, दंड २,००० रुपये. अपवादांची यादी लांबलचक होती. राष्ट्रपती, पंतप्रधान, न्यायाधीश आदी उच्चपदस्थ. एकट्या किंवा लहान मुलांसह गाडी चालवणाऱ्या स्त्रिया. नैसर्गिक वायूवरच्या मोटारी. आणि सर्व दुचाकी. दिल्लीचे मुख्यमंत्री व त्यांचे मंत्री मात्र सवलतीत नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. स्त्रियांना सवलत देणे म्हणजे रस्त्यावरची आणि बसमधील सुरक्षितता आपण देऊ शकत नाही, याची कबुलीच होती. दुचाक्यांना सवलत देणे म्हणजे एवढ्या माणसांना सामावून घेण्याइतक्या बसगाड्या आपल्यापाशी नाहीत, याची दुसरी कबुली. सरांनी ही यादी फळ्यावर लिहून तिच्यातूनच त्या शहराची सारी अवस्था आम्हांला समजावली असती.

या योजनेतील एक तपशील शाळेच्या व्यासपीठावर अवश्य सांगितला पाहिजे. जादा बसगाड्या कोठून आणल्या? शाळांच्या बसगाड्या मागवल्या, आणि त्यासाठी शाळांना सुट्टी दिली. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हीच योजना पुन्हा आणली, तेव्हा शाळा चालू असल्याने ती सोय उरली नव्हती. जानेवारीच्या फेरीत हवेतील सूक्ष्म कणांत काहीशी घट झाल्याचे काही अभ्यासकांना आढळले. एप्रिलमध्ये तशी घट दिसली नाही. तिसरी फेरी नोव्हेंबर २०१९ मध्ये ४ ते १५ तारखेपर्यंत झाली आणि दंड ४,००० रुपये झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात चौथी फेरी जाहीर झाली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने तिच्या उपयुक्ततेविषयी शंका व्यक्त केल्यावर ती मागे ठेवण्यात आली.

या सर्वांत मोटारीलाच एकटीला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. दिल्लीच्या हवेत रस्त्यांची धूळ आहे, ट्रक आहेत, दुचाक्या आहेत, कारखाने आहेत, जळणारा कचरा आहे आणि हिवाळ्याच्या तोंडी शेतांत पेटवलेल्या खुंटांचा धूर आहे. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीतही वाहनांच्या धुरात ट्रक आणि दुचाकी यांचा वाटा मोटारींहून कितीतरी मोठा आढळला. ज्या नियमाने या दोहोंना हात लावला नाही, त्याच्याकडून मोठ्या चमत्काराची अपेक्षा करणेच चूक होते. दोष लोकांच्या इच्छेचा नव्हता. जानेवारीच्या त्या पंधरवड्यात दिल्लीकरांनी नियम मोठ्या प्रमाणावर पाळला. लोक पुढे आले होते. त्यांना बसवून नेणारे वाहन पुरेसे नव्हते.

६. आपले इंदूर

इंदूरचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत, शहर प्लेगने गांजलेले असताना, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला दरबाराने पाचारण केले. त्यांचा इंदूरवरील द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली दिवाळीच्या मिरवणुकीची हकीगत आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील त्या रस्त्याने जाईल, असे गेडिस यांनी जाहीर केले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा निघाल्या, सफाई करणाऱ्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले आणि सबंध शहर झाडून निघाले. हुकुमाचा धाक न घालता लोकांच्या अभिमानाला केलेले ते आवाहन होते.

शंभर वर्षांनी त्याचीच दुसरी आवृत्ती आपण पाहिली. २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा क्रमांक वर्षानुवर्षे पहिला लागत आला, आणि २०२३ मध्ये स्वच्छ हवेच्या सर्वेक्षणातही मोठ्या शहरांत इंदूर पहिले आले. त्यामागचा क्रम आठवून पाहा. कचरागाडी रोज दारी येऊ लागली, ओला-सुका कचरा वेगळा करण्याची शिकवण घरोघरी पोहोचली, आणि मग रस्त्यावरच्या कचरापेट्या हटल्या व दंडाचा धाक बसला. आधी सोय झाली, सक्ती तिच्या मागून आली. स्टॉकहोमच्या बसगाड्यांचा आणि आपल्या कचरागाड्यांचा धडा एकच आहे.

वाहतुकीत मात्र हा क्रम आपणांस साधला नाही. २००५ मध्ये शहर बस कंपनी स्थापन झाली आणि टेंपोंच्या शहरात नव्या बसगाड्या आल्या. २०१३ मध्ये ए. बी. रोडवर सुमारे साडेअकरा किलोमीटरची बसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. तिच्यामुळे शेजारी मोटारींची कोंडी होते, ही तक्रार प्रथमपासून होती. ती मार्गिका काढण्याचे राज्य शासनाने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानेही त्यास संमती दिली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला छोटा टप्पा सुरू झाला. एक सोय मोडताना दुसरी पुरती उभी राहिलेली नाही, अशा मधल्या काळात आपले शहर आहे. अशा काळात माणूस काय करतो, हे मेक्सिकोने दाखवले आहे.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी इंदुरात ‘नो कार डे’ पाळण्याचे आवाहन महापौरांनी केले. सक्ती नव्हती, दंड नव्हता. अनेक पदाधिकारी व अधिकारी त्या दिवशी सायकलने, बसने, रिक्षाने कार्यालयात गेले. मीही सकाळी मोठ्या उत्साहाने बसने निघालो आणि भेटेल त्याला तसे सांगितले. दुपारी शाळा सुटण्याची वेळ झाली, आभाळ भरून आले, नातीला रात्री थोडा खोकला झाला होता. मी गाडी बाहेर काढली. आजच्या पुरता, माझ्या पुरता, एक अपवाद. फाटकाशी पोहोचलो तो माझ्यासारखे अपवाद रांगेने उभे होते.

७. शाळेच्या फाटकापाशी

तेव्हा या साऱ्या इतिहासातून मी काय घेतो, ते सांगून आपली रजा घेतो. गाडी आवरण्याचा नियम कोणता, सम-विषमचा की शुल्काचा, हा प्रश्न दुय्यम आहे. गाडी घरी ठेवणाऱ्या माणसाला नेणारे वाहन नियमाच्या आधी दारात उभे आहे काय, आणि नियमातील अपवाद मोजकेच आहेत काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. जेथे या दोहोंचे उत्तर होकारार्थी आले, तेथे विरोध असतानाही नियम टिकला. जेथे आले नाही, तेथे लोकांनी प्रारंभी दिलेली साथही वाया गेली.

शहराला बसगाड्या देणे माझ्या हाती नाही. त्या मागत राहणे हाती आहे आणि ते आपण सर्वांनी केले पाहिजे. परंतु एक रस्ता पुरता आपल्या हातातला आहे. इटलीतील बोल्झानो या गावाने १९८९ मध्ये शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी शाळेपुढचा रस्ता थोड्या वेळापुरता मोटारींना बंद केला. पुढे युरोपातील पुष्कळ शहरांनी ही प्रथा उचलली. लंडनमध्ये अशा शेकडो शाळा आहेत. मेक्सिकोने सुरुवात केली तीही याच वर्षी. एकाने सबंध महानगर हाती घेतले, दुसऱ्याने एक गल्ली.

आज सभेला येताना गाडी लावायला जागा मिळाली नाही, अशी तक्रार आपल्यापैकी काहींनी दारातच केली. ती जागा आपण मुलांची घेतली आहे. माझी संस्थेला आणि माजी विद्यार्थी संघाला नम्र सूचना आहे की, शाळा भरताना व सुटताना अर्धा अर्धा तास फाटकापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता पालकांच्या गाड्यांसाठी बंद ठेवावा. मात्र क्रम इतिहासाने शिकवलेलाच असावा. आधी कोपऱ्यावर मुलांना उतरवून घेणारी आणि चालत फाटकापर्यंत आणणारी माणसे उभी राहावीत. आपल्यातील निवृत्तांना सकाळी दुसरे काम तरी काय असते? दूरच्या मुलांसाठी सामायिक वाहनांची सोय व्हावी. हे महिनाभर नीट चालले की मग बंदी यावी. अपवाद दोनच असावेत : ज्या मुलाला चालता येत नाही त्याची गाडी, आणि रुग्णवाहिका. संस्थेच्या विश्वस्तांची गाडी नव्हे, पाहुण्यांची नव्हे आणि दमेकरी नातीच्या आजोबांची तर नव्हेच.

कोपऱ्यावर उभे राहणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे. सकाळी सव्वासातला मी तेथे हजर असेन. सर ज्या भिंतीला सायकल टेकवीत, ती भिंत अजून उभी आहे. तिच्याशी सायकली लावण्यापुरती जागा मोकळी झाली, तर त्यांच्या स्मरणार्थ याहून वेगळे काही करावे लागणार नाही.